देशाचे तीन

जिजी कुठंच वेळेवर पोहोचत नसत. लग्नाला गेल्या तर अक्षता पडून गेलेल्या असायच्या. मयताला गेल्या तर माणसं नदीवर आंघोळ करून परत येताना वाटेतच भेटायची. दुपारचं जेवण चारला, चहा दिवेलागणीला. आणि हीच बाई उमेदीची सगळी वर्षं दिल्लीत देशाचं घड्याळ सांभाळत होती, हे गावात कुणाला खरं वाटायचं नाही. पहिल्यांदा मलाही वाटलं नव्हतं.

मी एकदा धीर करून विचारलं, "जिजी, तुम्ही घड्याळातल्या, आणि तुम्हालाच सारखा उशीर?"

"वेळ पाळणं येगळं, सांभाळणं येगळं," त्या म्हणाल्या. "दूधवाला काय सगळं दूध सोताच पितो का?"

पण उशीर झाला की त्या तो कबूल करायच्या. रस्ता खराब होता, पाहुणे आले, घड्याळ मागं होतं, असलं काही त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. "मला उशीर झाला," एवढंच. आणि समोरचा सबब सांगू लागला की हात वर करून थांबवायच्या. "उशीर झाला तर उशीर झाला म्हणावं, बाई. घड्याळावर ढकलू न्हाई."

मी मूळची परतूरची. वडील नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी मला तहसील कचेरीत कारकुनाची जागा मिळाली, ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, उत्तरेकडच्या एका तालुक्यात. त्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. यातली काही माणसं अजून तिथं आहेत. एकट्या मुलीला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी शाळेतल्या एका बाईंनी जिजींचं घर दाखवलं. रस्त्याला लागून गच्चीचं घर, पुढच्या दोन खोल्यांत जिजी, मागच्या बाजूला त्यांची विधवा वहिनी आणि वहिनींचा मुलगा विलास. जिजी दारात तुरीची डाळ पाखडत होत्या. पांढरी साडी, पायात पुरुषी चपला, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा.

"परतूरची? म्हंजे टेसनाजवळची. आगगाडीच्या टायमावर वाढलेली. चालंल," त्या म्हणाल्या, आणि माझी पेटी स्वतःच उचलून आत घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरभर गळका नळ शोधत फिरले. कुठूनतरी टिक्, टिक्, टिक् असा आवाज येत होता. मोरीत गेले, रांजणाजवळ गेले. जिजी बाजेवर बसून माझी धावपळ बघत होत्या. मग त्यांनी कोनाड्यातल्या रेडिओकडे बोट दाखवलं. भला मोठा, जुना रेडिओ. त्याची तार खिडकीतून वर गच्चीवर आणि तिथून लिंबाच्या झाडावर गेलेली. त्यावर गाणं नाही, बातमी नाही, सेकंदासेकंदाला नुसता ठोका, आणि मधूनमधून किती वाजले ते सांगणारी मोर्सची टकटक. ते ठोके दिल्लीहून यायचे, शॉर्टवेव्हवर, खास वेळ सांगण्यासाठी. ज्या प्रयोगशाळेतून ते निघत तिथंच जिजी कामाला होत्या.

"हे ठोके आधी मी धाडत व्हते," त्या म्हणाल्या. "आता घेते."

दिल्लीबद्दल त्या आपणहून फारसं बोलत नसत. डाळ निवडायला बसलं की थोडं थोडं निघायचं. तिथलं घड्याळ म्हणजे कपाटात ठेवायच्या पेटीसारखं असतं, त्याला ना काटे ना लंबक. आत सीझियम नावाच्या धातूचे अणू. त्या अणूंचा ठोका कुठंही न्या, दिल्लीला न्या, परदेशात न्या, सारखाच. त्या ठोक्यांवरून सेकंद मोजायचा आणि तो सेकंद साऱ्या देशाला वाटायचा: रेडिओला, रेल्वेला, टेलिफोनला, उपग्रहवाल्यांना.

"पर एकट्या घड्याळाचं ऐकायचं नसतंय," त्या सांगायच्या. "केवढं बी भारी असू दे. चार-पाच घड्याळं जवळजवळ ठेवायची, रोज एकमेकाशी ताडायची. मंग बाहेरदेशातल्या घड्याळांशी ताडायची. आपला सेकंद बराबर व्हता का न्हाई याचा निकाल मागून यायचा. तोवर जीव टांगणीला."

"आणि चूक निघाली तर?"

"तर चूक निघाली म्हणायचं अन् दुरुस्त करायची. तिथं कुणी ओरडत नसे. लपवलं तर मात्र ओरडायचे."

एक गोष्ट त्यांना फार आवडायची. दक्षिणेत कुठंतरी उपग्रहाचं केंद्र होतं. तिथलं घड्याळ दिल्लीच्या घड्याळाशी जुळवायचं, म्हणून एक घड्याळ चालू अवस्थेत, बॅटरीवर, विमानातून तिकडं न्यायचं ठरलं. ते सामानात टाकता येत नव्हतं. मग घड्याळाचं वेगळं तिकीट काढलं. तिकिटावर नाव काय घालायचं हे खिडकीवरच्या पोराला कळेना. त्यानं शेवटी जिजींचंच आडनाव घातलं. "घड्याळ माझ्या माहेरचं का सासरचं ते काही इचारलं न्हाई त्यानं," जिजी हसून म्हणायच्या. घड्याळाला खिडकीची जागा मिळाली. विमानातल्या मुलीनं दोन्ही जागांवर पेपरमिंटच्या गोळ्या ठेवल्या, आणि जिजींनी दोन्हीकडच्या खाल्ल्या. पण सबंध प्रवासात त्यांनी डोळा मिटला नाही. बॅटरीचा दिवा लाल झाला की झालं, साऱ्या मेहनतीवर पाणी. तापानं फणफणलेल्या लेकराला मांडीशी धरावं तसा त्यांनी तो खोका धरून ठेवला होता.

एवढं काम सोडून त्या परत का आल्या, तर भाऊ गेला. विलास तेव्हा बालवाडीतला. वहिनी शाळेत न गेलेल्या, शेतावर भाऊबंदांचा डोळा. जिजींनी राजीनामा दिला आणि आल्या. शेत स्वतः उभं राहून पेरलं, विलासला शिकवलं, शेतकीच्या कॉलेजात घातलं. वेळेचं काम सोडून यावं लागलं याबद्दल त्यांनी कधी हळहळ केली नाही. पण दिल्लीहून त्या तो रेडिओ तेवढा घेऊन आल्या.

मधूनमधून त्यांच्या घरी एक सण व्हायचा, जो जगात बहुधा दुसऱ्या कुठल्याच घरी होत नसेल. पृथ्वी फिरताना जराशी रेंगाळते, अणू रेंगाळत नाहीत. त्यामुळं काही वर्षांनी दोघांची तोंडं दोन दिशांना व्हायला लागतात, आणि मग साऱ्या जगाच्या घड्याळांत एक सेकंद जास्तीचा घालतात. कधी एक जानेवारीला, कधी एक जुलैला, सगळीकडं एकाच क्षणी. आपल्याकडं तेव्हा सकाळचे साडेपाच वाजत असतात. त्या सकाळी जिजी आम्हाला उठवायच्या. शिरा तयार असायचा. मी, वहिनी आणि डोळे चोळत विलास, असे आम्ही रेडिओभोवती बसायचो. ठोके चालू असायचे, जिजी बोटांवर मोजायच्या, आणि मिनिट संपायच्या जागी एक ठोका जास्त पडायचा.

"झालं?" वहिनींनी पहिल्यांदा विचारलं.

"झालं."

"एवढ्यासाठी उठवलं आम्हाला?"

"एवढ्यासाठी म्हंजे? साऱ्या दुनियेला एक सेकंद भेटला, वहिनी. राजाला बी तेवढाच, आपल्याला बी तेवढाच." आणि त्या शिरा वाढायला लागायच्या.

आता कचेरीची गोष्ट सांगते.

आमच्या कचेरीत भिंतीवर लंबकाचं एक जुनं घड्याळ होतं. ते नेहमी पुढं असायचं, आणि ते चुकून नाही. आमचे अव्वल कारकून जालन्याहून रोज ये-जा करायचे. संध्याकाळची गाडी गाठायची म्हणून त्यांनी ते कधीतरी पुढं करून ठेवलं होतं. दुपारची खिडकी त्या घड्याळावर बंद व्हायची, कचेरी त्या घड्याळावर सुटायची. सकाळी मात्र त्या घड्याळाकडं कुणी बघत नसे.

एकदा जिजी सातबाऱ्याच्या नकलेसाठी आल्या. त्यांना उशीर झाला होताच, पण खिडकी बंद व्हायला अजून अवकाश होता. त्यांच्या तोंडावर खिडकी लागली.

"कामून बंद केली?"

"टाइम संपला," आतून अव्वल कारकून म्हणाले.

"कुणाचा?" जिजींनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या हातात ट्रान्झिस्टर आणि मेथीच्या दोन जुड्या घेऊन. घड्याळाखालच्या बाकावर बसल्या आणि मेथी निवडायला लागल्या. दोनच्या बातम्यांची वेळ झाली तसा त्यांनी आवाज मोठा केला. पीप, पीप, पीप. शेवटचा लांब पीप झाला तेव्हा जिजींनी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सगळ्या कचेरीनं पाहिलं. घड्याळ दोन केव्हाच मागं टाकून पुढं निघालं होतं. बातम्या संपल्या, मेथी संपली, त्या घरी गेल्या.

हे रोज चालू झालं. कधी मेथी, कधी शेपू, कधी वाटाणे. तीच एक वेळ त्यांनी कधी चुकवली नाही. अव्वल कारकून चिडले.

"बाई, हे सरकारी हापिस हाय, हाटेल न्हाई."

"सरकारी बातम्याच लावल्यात, साहेब."

मग ते माझ्याकडं वळले. "तुमच्या घरमालकिणीला समजावून सांगा. उगं कामात अडथळा."

मी संध्याकाळी जिजींना सांगितलं. माझी नोकरी अजून कच्ची होती, मला भीती वाटत होती. त्या भाकरी थापत होत्या.

"घड्याळ बराबर लावलं की मी उद्यापासून येत न्हाई," त्या म्हणाल्या. "अन् तुझी नोकरी जायची न्हाई. गेली तर खोली तरी जायची न्हाई."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या. बायकांसाठी जागा राखीव झाल्या होत्या, ते नवलच होतं. अर्ज दुपारी तीनपर्यंत आमच्या कचेरीत घ्यायचे होते. शेवटच्या दिवशी ही गर्दी. दोनच्या बातम्या झाल्या, पीप झाले, जिजींनी घड्याळाकडं पाहिलं. आता कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. भिंतीवर तीन वाजले तसा शिपायानं खोलीचा दरवाजा लोटला. एवढ्यात व्हरांड्यातून एक बाई धावत आली. नाव गयाबाई. पदर खांद्यावरून सुटलेला, चपला हातात, मागं नवरा आणि सूचक म्हणून आणलेला एक म्हातारा. राजूरच्या पलीकडच्या खेड्यातून आली होती. एसटी वाटेत बंद पडली, म्हणून शेवटचा टप्पा तिघं चालत आलेली.

"वेळ संपली, बाई," शिपाई म्हणाला.

ती एकदम खालीच बसली. तिच्या गावात दुसरा अर्ज एकच होता, बड्या घरच्या सुनेचा. हिचा अर्ज राहिला तर ती सून बिनविरोध येणार होती. गयाबाईचा नवरा शिपायाचा हात धरून विनवण्या करू लागला.

जिजी उठल्या. मांडीवरचे वाटाणे खाली सांडले. त्या गयाबाईला ओळखतसुद्धा नव्हत्या. त्यांनी दरवाजा ढकलून उघडला आणि अर्ज घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, कागदावर दुपारचे तीन लिहिलंय. कुणाचे तीन?"

तो अधिकारी बाहेरून नेमलेला, तरुण, बिचारा गोंधळला. "कुणाचे म्हणजे? या कार्यालयाचे."

"कार्यालयाला सोताचे तीन नसतात. माझ्या घराला न्हाईत, तुमच्या कचेरीला न्हाईत. देशाचे तीन असतात. ते अजून वाजायचेत."

अव्वल कारकून पुढं आले. आवाज चढले, गर्दी जमली. तो आरडाओरडा ऐकून तहसीलदारसाहेब आपल्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. तेही तीनच्या पुढं होतं, कारण ते भिंतीवरच्याच घड्याळावरून लावलेलं होतं.

"घड्याळ बराबर हाय, साहेब," अव्वल कारकून म्हणाले.

साहेबांनी आमच्याकडं पाहिलं. "दोनच्या बातम्या इथं कुणी ऐकल्या?"

रोज ऐकत होतो सगळे. पण कुणाची मान हलेना. अव्वल कारकून माझ्याकडं बघत होते. गयाबाई खाली बसलेली होती, तिच्या टाचा फुटून रक्त आलेलं मला दिसत होतं.

"मी ऐकल्या, साहेब," मी म्हणाले. "लांब पीप झाला तेव्हा भिंतीवर दोन वाजून नऊ मिनिटं झाली होती."

मग शिपाई म्हणाला, "म्या बी ऐकलं, साहेब." मग आणखी दोघं.

"अर्ज घ्या," साहेब म्हणाले.

गयाबाईनं अंगठा नव्हे, सही केली, हळूहळू, एकेक अक्षर काढत. साहेबांनी घड्याळ तिथल्या तिथं नीट करायचा हुकूम दिला, आणि यापुढं ते रोज रेडिओवरून लावायचं काम माझ्याकडं दिलं. मी स्टुलावर चढले आणि काटा मागं फिरवायला लागले.

"मागं फिरवू न्हाई!" जिजी ओरडल्या. "बिघडंल. लंबक धर अन् थांब. खरी वेळ आपल्यापाशी येऊ दे."

मी लंबक थांबवला. मग आम्ही सगळे, साहेब, कारकून, अर्जवाले, गयाबाई, त्या बंद घड्याळाकडं बघत उभे राहिलो. जिजी ट्रान्झिस्टरवर दिल्लीचे ठोके लावून तो कानाशी धरून, दुसरा हात वर करून उभ्या होत्या. त्यांनी हात खाली केला तेव्हा मी लंबक सोडला.

गयाबाई निवडून आल्या. अव्वल कारकुनांनी पुढं जालन्याला बदली करून घेतली. जिजी दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत.

मग मध्ये पाच वर्षं गेली. माझं लग्न गावातल्याच एका शिक्षकाशी झालं, दोन गल्ल्या सोडून संसार मांडला. कचेरीतलं घड्याळ मी रोज दोनला रेडिओशी ताडत होते. आणि विलास मोठा झाला. चांगला, दणकट, हसरा मुलगा. माणसं जोडायची हौस. या खेपेला तो आमच्याच गावच्या ग्रामपंचायतीला उभा राहणार होता आणि निवडून येणार यात कुणाला शंका नव्हती. जिजींनाही नव्हती. त्या त्याच्यासाठी घरोघर फिरून आल्या होत्या. साहजिकच, ठरल्या वेळेच्या फार नंतर.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी विलास पोरांना घेऊन तीन जीपगाड्यांतून राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेला. तिथून गुलाल उधळत परत येईपर्यंत इकडं तीन वाजले. दारात होते त्यांना आत घेऊन शिपायानं दरवाजा लावला. पाच-सात मिनिटांनी जीपगाड्या आवारात शिरल्या.

"ताई, दार उघडा," विलास मला म्हणाला. डोक्याला गुलाल, गळ्यात हार.

"विलास, वेळ संपली रे."

"कुणाचे तीन वाजले?" तो मोठ्यानं म्हणाला. "आत्यानंच इचारल्तं ना इथं? ह्या हापिसातलं घड्याळ पुढं राहतंय, हे आख्ख्या तालुक्याला माहीत हाय!"

पोरांनी गलका केला. कुणीतरी दारावर लाथ घातली. अर्ज घेणारे अधिकारी या खेपेला वयस्कर होते. त्यांना घाम फुटला.

"आत्याला बोलवा," विलास म्हणाला. "ती सांगंल ते मला मान्य. तुम्हाला हाय का?"

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. सगळ्यांना सुटका हवी होती. एक जीप जिजींना आणायला गेली. त्या यायला उशीर झाला. तोवर आवारात चहा आला, पोरं बोनेटवर बसली, विलास हसत सगळ्यांना पाणी देत होता. त्याला खात्री होती.

जिजी आल्या. ट्रान्झिस्टर पिशवीत घालून आणला होता. कुणी काही सांगायच्या आत त्यांनी मला विचारलं, "आज दोनला लावल्तं?"

"हो, जिजी. पिपाबरोबर."

"सोताच्या हातानं?"

"हो."

त्यांनी ट्रान्झिस्टर चालू केला, दिल्लीचे ठोके शोधले. खरखर, मग टिक्, टिक्, टिक्. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत त्या कितीतरी वेळ उभ्या होत्या. मिनिट पुरं झालं, काटा सरकला. मला वाटतं त्यांना ते पहिल्या क्षणीच कळलं होतं. पण त्यांनी आणखी एक मिनिट जाऊ दिलं, आणि आणखी एक.

"घड्याळ बराबर हाय," त्या म्हणाल्या. "विलास, तू उशिरा आलास."

त्याला आधी कळलंच नाही. "आत्या, अगं पाचच मिनिटं. मी घरचा माणूस हाय."

"हाव. म्हून तर तुझ्या तोंडावर सांगून राह्यले." त्यांनी ट्रान्झिस्टर बंद केला. "इथंच म्या देशाचे तीन मागितल्ते. आता तुझ्यासाठी घरचे तीन कुठून आणू?"

विलासनं गळ्यातला हार काढला, जिजींच्या पायाशी टाकला आणि तो निघून गेला.

विलासचा अर्ज राहिल्यामुळं जो माणूस बिनविरोध निवडून आला, तो जिजींना बिलकुल आवडत नव्हता. गायरानावर अतिक्रमण करून बसलेला, तोंडानं गोड. तो पेढे घेऊन आला. जिजींनी ते परत दिले. "तुमच्यासाठी काही केलं न्हाई म्या."

पण नुकसान व्हायचं ते झालं. विलास जिजींशी बोलेनासा झाला. त्यांच्या वाट्याचं शेत त्यानं करायचं सोडलं, ते बटईनं द्यावं लागलं. वहिनी मुलाच्या धाकानं मागच्या दारातूनही येईनात. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. बारशाचं बोलावणं पुढच्या खोलीत आलं नाही. जिजी तरीही गेल्या. बायका पाळणा गाऊन घरी गेल्यावर पोहोचल्या, बाळाच्या अंगावर झबलं ठेवलं, वहिनींच्या पाठीवर हात फिरवला आणि परत आल्या. विलास आतल्या खोलीतून बाहेर आला नाही, आणि त्यानंतर मुलीलाही पुढच्या अंगणात कधी येऊ दिलं नाही.

मी त्यांना विचारलं, "जिजी, पस्तावा होतो का?"

"वाईट लई वाटतंय," त्या म्हणाल्या. "पर चुकलं असं वाटत न्हाई. दोन्ही येगळं असतंय, बाई." आणि चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या.

त्यानंतरच्या वर्षांत दिल्लीचे ठोके आधी पुसट झाले, मग ऐकू येईनासे झाले. जिजी कितीतरी सकाळी काटा फिरवत बसायच्या. मग कुणाकडून तरी त्यांनी माहिती काढली: आता वेळ उपग्रहावरून जाते, टेलिफोनच्या तारेनं जाते, शॉर्टवेव्हची गरज उरली नाही. मला वाटलं त्या खचतील. त्या म्हणाल्या, "चांगलं केलं. हवेतून येताना ठोका वाटंत रेंगाळायचा. आता जादा बराबर भेटंल." आणि बातम्यांच्या पिपांवर भागवायला लागल्या.

पुढच्या निवडणुकीचे अर्ज भरायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. मी सकाळी त्यांच्याकडं गेले होते. त्या आता थकल्या होत्या, ऐकायलाही कमी येत होतं. विलास घराला वळसा घालून पुढच्या अंगणात आला. हातात मनगटी घड्याळ. तो दाराशी उभा राहिला. आत ये असं त्याला कुणी म्हटलं नाही, कारण जिजींना तो दिसलाच नव्हता. त्या पाठमोऱ्या होत्या. मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

"आत्या," तो म्हणाला, "उद्या अर्ज भरायचा हाय. घड्याळ लावून दे."

जिजींनी त्याच्याकडं बघितलं. "बैस. बातम्यांना अजून टाइम हाय."

"अंदाजानं लाव ना."

"अंदाजानं लावायचं व्हतं तर माझ्याकडं कामून आलास?"

तो बसला. पाच वर्षांत पहिल्यांदा दोघं एका बाजेवर बसली होती. जिजींनी मुलीला दात किती आले ते विचारलं. तो म्हणाला, "आता शाळेत जायला लागंल की ती." मग त्यानं मोबाइलमधला तिचा फोटो दाखवला. जिजींनी तो भिंगाजवळ धरून बराच वेळ पाहिला. बातम्यांचे पीप झाले. त्यांच्या थरथरत्या बोटांना घड्याळाची कळ दाबता येईना, तेव्हा विलासनं त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि लांब पिपाबरोबर दोघांनी मिळून ती दाबली.

तो वेळेत गेला. अर्ज भरला. जीव तोडून फिरला. आणि पडला. मतं फुटली, जवळच्यांनीच घात केला, अशा नेहमीच्या गोष्टी. निकालाच्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा पुढच्या खोलीत आला. मागोमाग वहिनीही आल्या आणि उंबऱ्यापाशी थांबल्या.

"टायमात गेल्तो, आत्या," तो म्हणाला. "तरी पडलो."

"पडलास ते लोकांनी पाडलं. त्याला घड्याळ काय करंल?"

"मंग मी काय करू आता?"

"आज जेव अन् झोप. उद्या दारोदार जा. ज्यांनी पाडलं त्यांच्याकडं आधी जा. इचार, कामून पाडलं. ते सांगतील ते ऐकून घे, मधी बोलू न्हाई. लोकांची कामं करायला सरपंच व्हावं लागत न्हाई."

"अन् तोंडावर हसले तर?"

"हसू दे की. हसून झाल्यावर सांगतील."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जाताना तिकडून वळले. विलास आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बाहेर पडत होता. समोरच्या रांगेत तीन घरं सोडून त्याच्या विरोधातल्या पॅनलच्या माणसाचं घर होतं. तो क्षणभर थांबला, मग त्याच दाराची कडी वाजवली. दार उघडलं, आतून कुणीतरी आश्चर्यानं काहीतरी म्हणालं, आणि विलास चपला काढून आत गेला.

जिजी ओट्यावर दोन्ही हातांनी खांब धरून उभ्या होत्या. त्याच्या मागं दार लागलं तरी त्या आत गेल्या नाहीत.